चूक कोणाच्या खात्यावर मांडायची?

दरवर्षी मे महिना संपत आला की शेतकऱ्याला शहाणे करून सोडण्याची एक मोहीम सुरू होते. कृषिखात्याची पत्रके निघतात, आकाशवाणीवरून तज्ज्ञांची भाषणे होतात, आणि अलीकडे भ्रमणध्वनीवर संदेशांचा पाऊस खऱ्या पावसाच्या आधीच पडू लागतो. या सर्वांचा मथितार्थ एकच : घाई करू नका, ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत पुरेशी ओल गेल्याखेरीज चाड्यावर मूठ धरू नका. सल्ला चुकीचा नाही. किंबहुना तो इतका बरोबर आहे की तो शेतकऱ्याला ठाऊक नसेल असे समजणेच मुळात उद्धटपणाचे आहे. पुढे जुलैत पावसाने ओढ दिली, उगवलेली रोपे माना टाकू लागली आणि दुबार पेरणीची पाळी आली, की हेच सल्लागार दुःखाने मान हलवतात आणि म्हणतात : ‘आम्ही सांगितले होते, पण ऐकतो कोण?’

या शेवटच्या वाक्याविरुद्ध हा लेख आहे. अर्थशास्त्र शिकवण्यात माझी तीसहून अधिक वर्षे गेली. अनिश्चिततेतील निर्णय हे प्रकरण मी दरवर्षी फळ्यावर आकडे मांडून शिकवले, आणि त्या आकड्यांत पेरणीचे उदाहरणही हमखास घेतले. परंतु त्या शास्त्राचा आधार घेऊन शेतकऱ्याला अडाणी ठरवले जाते, तेव्हा त्या शास्त्राचा एक सेवानिवृत्त शिक्षक म्हणून सांगणे भाग आहे की शास्त्र असे काही म्हणत नाही. ते याच्या नेमके उलट म्हणते.

प्रथम पेरणीचा निर्णय म्हणजे काय ते पाहू. लातूर जिल्ह्यात माझ्या चुलतभावाची तीन एकर कोरडवाहू जमीन आहे. मृग निघाला, दोन चांगल्या सरी झाल्या, जमिनीला वापसा आला. आता तो काय करील? आज पेरले आणि पाऊस लागून राहिला तर पीक जोमदार येईल, कारण हंगामाचा प्रत्येक दिवस त्याच्या पदरात पडेल. आज पेरले आणि पावसाने पंधरा दिवसांचा खंड दिला तर बी, खत आणि मजुरी मातीत गेली. थांबावे, तर काळ्या जमिनीचा वापसा कोणासाठी थांबत नाही; झड लागली तर आठवडाभर शेतात पाय घालता येत नाही. भाड्याच्या ट्रॅक्टरची पाळी एकदा गेली की पुन्हा कधी येईल याचा भरवसा नसतो, कारण सगळ्या गावाला तो त्याच चार दिवसांत हवा असतो. मूग आणि उडीद यांची वेळ जुलैच्या पहिल्या आठवड्यात टळते. सोयाबीनची त्यानंतर फार तर आठवडाभराने. म्हणजे घाई ही जशी चूक आहे तशी दिरंगाई हीही चूकच आहे, आणि दोहोंपैकी कोणती चूक आपण करीत आहोत हे कळण्याचा मार्ग ती करून झाल्याशिवाय उपलब्ध नाही. निर्णय मात्र आजच घ्यायचा आहे. न घेणे हाही एक निर्णयच आहे.

२०२५ सालचे उदाहरण ताजे आहे. त्या वर्षी मोसमी पाऊस २४ मे रोजी केरळात आणि २६ मे रोजी मुंबईत पोहोचला. इतक्या लवकर तो मुंबईत आल्याची नोंद पूर्वी नव्हती. मे महिन्यातच महाराष्ट्रात ओढे वाहू लागले. आणि मग मेअखेरपासून सुमारे पंधरवडाभर पावसाची वाटचाल थबकली. पुढे सप्टेंबरात मराठवाड्यावर जे आभाळ फाटले त्यात उभी पिके आणि पिकांखालची मातीही वाहून गेली. त्या वर्षी लवकर पेरणारा चुकला की उशिरा पेरणारा? थांबण्याचा सल्ला देणारा जिंकला की हरला? सप्टेंबरच्या पुराने हा वाद कायमचा मिटवला : दोघेही बुडाले.

आता शास्त्र काय म्हणते ते पाहू. १९२१ साली फ्रँक नाइट यांनी जोखीम आणि अनिश्चितता यांत भेद केला. जिची शक्यता मोजता येते ती जोखीम. जिच्या शक्यतेचा आकडाच मांडता येत नाही ती अनिश्चितता. पुढे लेनर्ड सॅव्हेज यांनी १९५४ साली निर्णयाचे गणित मोठ्या काटेकोरपणे उभे केले. पण सर्व पर्याय आणि सर्व परिणाम आधी मांडून ठेवता येतील अशा लहान जगापुरतेच ते समंजसपणे लागू पडते, हे त्यांनी स्वतःच बजावून ठेवले. हर्बर्ट सायमन यांनी १९५५ पासून दाखवून दिले की खरा माणूस सर्वोत्तमाच्या मागे लागत नाही. हाताशी असलेली माहिती, वेळ आणि बुद्धी यांच्या मर्यादेत पुरेसे चांगले ते निवडतो, आणि तसे करणे हेच शहाणपणाचे असते. १९७८ साली त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. म्हणजे स्टॉकहोमला जे शहाणपण मान्य झाले ते निलंग्याच्या बांधावर अडाणीपण ठरते, असा हा न्याय आहे.

परंतु माझ्या दृष्टीने यांहून महत्त्वाचे नाव आब्राहम वाल्ड यांचे. भारतात व्याख्याने देण्यासाठी आलेला हा थोर संख्याशास्त्रज्ञ डिसेंबर १९५० मध्ये निलगिरीच्या डोंगरात विमान कोसळून मृत्यू पावला. त्याने शिकवलेली गोष्ट साधी आहे. निर्णयाची योग्यता केवळ माहितीवर अवलंबून नसते. चूक झाली असता निर्णय घेणाऱ्याचे नुकसान किती, यावरही ती तितकीच अवलंबून असते. माहिती तीच असली तरी नुकसान वेगळे असेल तर योग्य निर्णयही वेगळा असतो. सल्लागारांच्या सर्व पत्रकांत हा दुसरा अर्धा भाग गाळलेला असतो, आणि तो गाळणे निष्पाप नाही.

एक कल्पित पण साधे उदाहरण घेऊ. समजा, पाऊस टिकण्याची शक्यता दहात सात आहे. आज पेरून पाऊस टिकला तर ४० हजार रुपये सुटतील. खंड पडला तर १५ हजार बुडतील. दहा दिवस थांबून पेरले तर उतारा घटेल, पण २० हजार निश्चित मिळतील. आज पेरण्याचे सरासरी फळ २८ हजार वजा साडेचार हजार, म्हणजे साडेतेवीस हजार. पुस्तक म्हणते, पेरा. ज्याच्याकडे विहीर आहे, घरात एक पगार येतो आणि दुबार पेरणीचे बी विकत घ्यायला रोख पैसा आहे, त्याच्यासाठी पुस्तक बरोबर आहे. पण ज्याने पहिलेच बी उधारीवर आणले, त्याचे नुकसान १५ हजारांवर थांबत नाही. दुसरे बी त्याला मिळत नाही. हंगाम पडीक जातो. सावकाराचे व्याज चढते. कदाचित बैल किंवा पत्नीचे डोरले विकावे लागते. हे सर्व धरून त्याचे नुकसान ४० हजारांचे मानले तर हिशेब होतो २८ हजार वजा १२ हजार, म्हणजे १६ हजार. हे थांबण्याच्या २० हजारांहून कमी आहेत. त्याच ढगाखाली, त्याच बांधाच्या अलीकडे आणि पलीकडे, तोच संदेश वाचलेल्या दोन माणसांचे दोन परस्परविरुद्ध निर्णय, आणि दोन्ही बिनचूक! जो थांबतो त्याला आपण मागासलेला म्हणतो. आणि ज्याला ट्रॅक्टरच्या पाळीपायी थांबता येत नाही, म्हणून पेरतो आणि बुडतो, त्याला उतावळा म्हणतो. गरिबी ही येथे माहितीची उणीव नाही. चूक परवडण्याची उणीव आहे.

माहितीला माझा विरोध नाही, हे येथेच स्पष्ट करतो. २०२५ च्या खरिपात केंद्रीय कृषिमंत्रालयाने कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साह्याने केलेले मोसमी पावसाच्या आगमनाचे अंदाज १३ राज्यांतील सुमारे ३ कोटी ८० लाख शेतकऱ्यांना पाठवले, आणि मध्यंतरी पावसाची वाटचाल थबकेल हेही त्यांत आधी सांगितले गेले. ही कामगिरी मोलाची आहे आणि तिचे कौतुक झाले पाहिजे. परंतु प्रामाणिक अंदाज हा शक्यतेच्या भाषेतच बोलतो. सत्तर टक्के शक्यता सांगणारे दहा संदेश अचूक असतील, तर त्यांचा अर्थच असा की त्यांतील तीन वेळा तसे घडणार नाही. त्या तीन वेळांचे बिल कोणी भरायचे? संदेश पाठवणारा भरत नाही, बी विकणारा भरत नाही, पीककर्ज देणारी बँक तर भरत नाहीच. अंदाज जितका सुधारेल तितका हा प्रश्न लहान होईल, पण नाहीसा होणार नाही. आणि ज्याच्या वाट्याला तो येईल त्याच्यापुरता तो मुळीच लहान असणार नाही.

येथवर निसर्गाच्या अनिश्चिततेची गोष्ट झाली. निसर्गाला दोष देण्यात अर्थ नाही. पण शेतकऱ्याच्या डोक्यावर दुसरीही एक अनिश्चितता टांगलेली असते, आणि ती मुद्दाम निर्माण केलेली असते. पेरणी जूनमध्ये होते. भाव ऑक्टोबरनंतर कळतो. आणि मधल्या काळात सरकार आपला निर्णय घेते. ऑगस्ट २०२१ मध्ये सोयाबीन रानात उभे असताना १२ लाख टन जनुक-सुधारित सोयापेंड आयात करण्यास केंद्राने परवानगी दिली. त्याच महिन्यात क्विंटलला दहा हजारांच्या घरात गेलेला भाव मळणीच्या वेळी जवळपास निम्म्यावर आला. ८ डिसेंबर २०२३ रोजी कांद्याची निर्यातच बंद करण्यात आली. ती ४ मे २०२४ पर्यंत उठली नाही. १९ ऑगस्ट २०२५ रोजी कापसावरील ११ टक्के आयातशुल्क काढून टाकण्यात आले. सप्टेंबरअखेरची मुदत पुढे डिसेंबरअखेरपर्यंत वाढवली. त्या वेळी विदर्भातील आणि मराठवाड्यातील कपाशीला पाते लागत होते. आता तिचे काय करायचे होते? ती उपटून ज्वारी पेरायची होती काय?

हा क्रम लक्षात घ्यावा, कारण सगळ्या अन्यायाचे मूळ या क्रमात आहे. ज्याच्याजवळ सर्वांत कमी माहिती आहे तो सर्वांत आधी निर्णय घेतो आणि तो परत फिरवू शकत नाही. ज्याच्याजवळ उपग्रह आहेत, पेऱ्याचे आकडे आहेत, जगाच्या बाजारभावांची खबर आहे, ते सरकार सर्वांत शेवटी निर्णय घेते, आणि तोही हवा तेव्हा फिरवते. फ्रीड्रिश हायेक यांनी १९४५ साली असा युक्तिवाद केला की समाजातील ज्ञान असंख्य माणसांत विखुरलेले असते, कोणतेही नियोजन मंडळ ते गोळा करू शकत नाही, आणि भाव हाच ते ज्ञान वाहून नेणारा निरोप्या होय. आपल्या रानाची ओल शेतकऱ्यालाच कळते, हे त्यांचे म्हणणे आम्ही समाजवाद्यांनीही मोकळेपणी मान्य करावे. परंतु जूनमधला भाव ऑगस्टमधल्या अधिसूचनेचा निरोप कसा आणणार? आपल्याकडे बाजाराचे भक्त हायेक यांचे नाव घेतात आणि शहरात भाव चढले की निर्यातबंदी मागतात. हा बाजारही नव्हे आणि नियोजनही नव्हे. नफा होईल तेव्हा सरकारचा हस्तक्षेप आणि तोटा होईल तेव्हा बाजाराचे स्वातंत्र्य, अशी ही एकतर्फी व्यवस्था आहे.

विम्याचे काय, असे कोणी विचारील. विचारले पाहिजेच. या देशात पीकविम्याचा विचार शास्त्रशुद्ध पायावर आणणारे अर्थतज्ज्ञ आपले वि. म. दांडेकर होते. १९७० च्या दशकात त्यांनी असे मांडले की भरपाई एकेका शेताच्या नुकसानीवर न देता त्या क्षेत्राच्या सरासरी उताऱ्यावर द्यावी. १९८५ च्या व्यापक पीकविमा योजनेचा पाया हाच होता. २०१६ ची प्रधानमंत्री योजनाही मुख्यतः याच तत्त्वावर उभी राहिली. तिच्यात आणखी काही संरक्षणे होती : पेरणीच होऊ शकली नाही तर, हंगामाच्या मध्यात पावसाने दगा दिला तर, गारपीट किंवा पाणी साचून स्थानिक नुकसान झाले तर, आणि काढणीनंतर पीक भिजले तर. अंमलबजावणीत ही संरक्षणे अनेकदा हास्यास्पद होत. स्थानिक नुकसानीची सूचना शेतकऱ्याने ७२ तासांच्या आत दिली पाहिजे, असा नियम होता. ज्याच्या घरात पाणी आणि गावात अंधार, त्याला ७२ तास. भरपाईची वाट पाहण्याला मात्र महिने. तरीही ती संरक्षणे होती. महाराष्ट्र सरकारने २०२३ मध्ये एक रुपयात विमा जाहीर करून टाळ्या घेतल्या. बोगस अर्जांचा बोभाटा झाल्यावर २०२५ च्या खरिपापासून तो बंद केला. इथवर समजू शकते. पण त्याबरोबर वरची चारही संरक्षणे काढून टाकली आणि केवळ पीककापणी प्रयोगावर आधारलेली भरपाई शिल्लक ठेवली. लबाडी केली दलालांनी. शिक्षा झाली पेरणाऱ्याला. आणि हे ज्या वर्षी झाले त्याच वर्षी सप्टेंबरात मराठवाडा पाण्याखाली गेला. मग ऑक्टोबरात ३१,६२८ कोटी रुपयांचे मदतीचे पॅकेज घोषित करावे लागले. आधी ठरलेला हक्क काढून घ्यायचा आणि आपत्ती आल्यावर उपकार म्हणून मदत जाहीर करायची, हा राज्यकारभार नव्हे; हा दानधर्म आहे. हक्काचा उपयोग निर्णय घेताना होतो, कारण तो आधी ठाऊक असतो. उपकाराचा तसा उपयोग होत नाही, कारण तो होईल की नाही हेही आणखी एक अनिश्चितच असते.

यावर ठरलेला आक्षेप असा : चुकीची किंमत सरकारने उचलली तर शेतकरी बेफिकीर होतील. हा आक्षेप माझ्याच शास्त्रातून आलेला आहे, म्हणून त्याला उत्तर देणे माझे कर्तव्य आहे. पहिले उत्तर दांडेकरांनीच देऊन ठेवले आहे. भरपाई माझ्या शेतावर अवलंबून नसून मंडळाच्या नोंदीवर अवलंबून असेल, तर बेफिकिरीने मला एक पैसाही जास्त मिळत नाही. उलट मेहनतीचे सारे फळ माझेच राहते. दुसरे उत्तर इतिहासाचे आहे. १८५५ साली इंग्लंडात आणि १८५७ साली हिंदुस्थानात कायद्याने कंपन्यांच्या भागधारकांना मर्यादित जबाबदारीचे कवच मिळाले. धंदा बुडाला तर भाग बुडेल, राहते घर बुडणार नाही, असे कायद्याने सांगितले, म्हणून अनिश्चिततेत उडी घेणारे भांडवल उभे राहिले. त्या सवलतीने उद्योगपती बेफिकीर होतील अशी भीती तेव्हाही काहींनी घातली होती. कोणी ती मानली नाही. उद्योजकाच्या धाडसाला कवच दिले तर ती प्रगती, आणि तेच पेरणाऱ्याने मागितले तर तो आळस, हे कोणते अर्थशास्त्र? या देशात ज्याची जबाबदारी आजही अमर्याद आहे, म्हणजे जमिनीपर्यंत, डोरल्यापर्यंत आणि शेवटी गळफासापर्यंत पोहोचते, असा उद्योजक एकच आहे, आणि तो कोरडवाहू शेतकरी आहे.

तेव्हा मागणी काय असावी? माझ्या मते तीन गोष्टी, आणि तिन्ही आटोक्यातल्या आहेत.

पहिली, दुबार पेरणीची हमी. महावेध प्रकल्पात महसूल मंडळांच्या पातळीवर दोन हजारांवर स्वयंचलित हवामान केंद्रे उभी राहिली आहेत. पेरणीयोग्य पाऊस झाल्यावर ठरावीक दिवसांचा खंड पडला की त्या मंडळातील पेरणी करणाऱ्या प्रत्येकाला बियाण्याचा आणि मशागतीचा खर्च आपोआप मिळावा. अर्ज नको, पंचनामा नको, दलाल नको. पैसे ऑक्टोबरात नव्हे, तर बी विकत घेण्याच्या आठवड्यात मिळावेत. वरच्या उदाहरणातील गरीब शेतकऱ्याचे नुकसान यामुळे पुन्हा १५ हजारांवर येते आणि त्याच्यासाठीही पेरणे हाच योग्य निर्णय ठरतो. म्हणजे हमीने उत्पादन वाढते, घटत नाही. केंद्राजवळ पाऊस पडला आणि चार कोसांवर नाही, असे होईल. म्हणून केंद्रे वाढवावीत आणि त्यांच्या नोंदी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर रोज लागाव्यात.

दुसरी, पेरणीपासून काढणीपर्यंत व्यापारधोरण गोठवावे. जूनमध्ये असलेले आयातशुल्क आणि निर्यातीचे नियम त्या पिकाचा हंगाम संपेपर्यंत पेरणाऱ्याच्या विरुद्ध बदलू नयेत. शहरी ग्राहकाच्या हितासाठी बदलणे अटळच झाले, तर पडलेल्या भावाचा फरक सरकारने भरावा. निर्णय ज्याचा, चूक त्याची, हा नियम सरकारलाही लागू झाला पाहिजे.

तिसरी, पीककर्जाची फेड पावसाशी जोडावी. मंडळात खंडाची नोंद झाली की वसुली आपोआप पुढे जावी आणि दुसऱ्या बियाण्यासाठी त्याच खात्यावर नवे कर्ज मिळावे.

हे अशक्य नाही, याचा पुरावा याच राज्यात आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर मागेल त्याला काम हा हक्क कायद्यात यावा असे वि. स. पागे यांनी धरले, तेव्हाही तो बेफिकिरीला आमंत्रण आहे असे म्हणणारे विद्वान होतेच. रोजगार हमीचा कायदा १९७७ साली झाला, आणि पुढे देशाने २००५ साली त्याच वाटेने कायदा केला. शेतमजुराच्या उपासमारीची जबाबदारी जर समाज घेऊ शकला, तर पेरणाऱ्याच्या अटळ चुकीची का घेऊ शकणार नाही?

माझा चुलतभाऊ मला एकदा म्हणाला होता, ‘दादा, तू फळ्यावर चुकलास तर पुसून पुन्हा लिहितोस. मी पुसू कशानं?’ मी तीस वर्षे शिकवलेल्या सगळ्या प्रकरणाला या प्रश्नाचे उत्तर देता आले नव्हते. अपुऱ्या माहितीत निर्णय घेणे कोणाला चुकलेले नाही. ते मनुष्यमात्राच्या वाट्याला आलेले आहे. पण त्या निर्णयातील चुका एकाच वर्गाच्या खात्यावर मांडत जाणे हे निसर्गाने ठरवलेले नाही. ते आपण ठरवले आहे, आणि म्हणून आपल्यालाच बदलता येईल. येत्या मृगाला पुन्हा सल्ल्याची पत्रके निघतील. त्यांच्या पाठीमागच्या कोऱ्या बाजूवर चुकीची जबाबदारी कोण घेणार हेही छापून येत नाही, तोवर शेतकऱ्याने ती वाचून परत करावीत.